सकाळची गोळी घेतली की नाही? सारख्या आठवणी मेंदू वेगळ्या कशा ठेवतो

बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजा आहे, देऊळगाव मही आहे आणि देऊळगाव साकर्शाही आहे. बुलढाणा शहराजवळ देऊळघाट आहे. ‘राजा’ हा शब्द लक्षात ठेवावा, तर सिंदखेड राजाही याच जिल्ह्यात. बाहेरून आलेला माणूस या नावांमध्ये हमखास गोंधळतो. इथल्या माणसाला मात्र एसटीच्या पाटीवरची निम्मी अक्षरं पुसलेली असली, तरी गाडी कुठे निघाली ते कळतं.

वाटायला सोपी असलेली ही गोष्ट मेंदूकडून दोन उलट कामं करून घेते. पहिलं काम म्हणजे सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळू न देणं. दुसरं, अर्धवट खुणेवरून पूर्ण गोष्ट उभी करणं. पहिल्या कामाला शास्त्रज्ञ ‘पॅटर्न सेपरेशन’ म्हणतात, म्हणजे सारख्या आठवणींची फारकत. दुसऱ्याला म्हणतात ‘पॅटर्न कम्प्लिशन’, म्हणजे तुकड्यावरून आठवण पूर्ण करणं.

गावांची नावं हे फक्त समजायला सोपं उदाहरण झालं. आपल्या आयुष्यात घडलेल्या प्रसंगांच्या बाबतीत ही दोन्ही कामं मुख्यतः हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात होतात. आणि तिथला तोल बिघडला, तर प्रश्न चुकीच्या एसटीत बसण्यापुरता राहत नाही. घरातली आजी बीपीची गोळी हातात घेऊन विचारते, “मी आज घेतली होती का गं?” तिला गोळी घेतल्याचं आठवत असतं. पण ती आठवण आजची की कालची, हे सांगता येत नाही. हा गोंधळ नेमका का होतो आणि त्यावर काय करता येतं, ते समजून घेऊ.

हिप्पोकॅम्पस म्हणजे काय?

दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, हा भाग असतो. डावीकडे एक आणि उजवीकडे एक. आकार समुद्रघोड्यासारखा. म्हणूनच १६ व्या शतकातले इटालियन शरीररचनातज्ज्ञ अरांझी यांनी त्याला समुद्रघोड्याचं नाव दिलं.

या भागाचं महत्त्व जगाला कळलं ते एका शस्त्रक्रियेमुळे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. त्याला फिट्सचा तीव्र त्रास होता. तो थांबावा म्हणून डॉक्टरांनी दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि आजूबाजूचा काही भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण नव्या प्रसंगांच्या आठवणी तयार होणं जवळपास थांबलं. बोलणं, विचार करणं, लहानपणीच्या बऱ्याच गोष्टी शाबूत होत्या. मात्र काही मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस त्याला पुन्हा नवखाच वाटायचा. २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्याच्यावर अभ्यास सुरू होता. शास्त्राच्या पुस्तकांत तो अनेक वर्षं फक्त ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखला गेला.

म्हणजे रोजच्या घटनांची आठवण तयार व्हायला हिप्पोकॅम्पस लागतो, एवढं स्पष्ट झालं. तो हे काम कसं करतो, हा पुढचा प्रश्न होता.

आठवणीचा प्रवास: तीन थांबे

हिप्पोकॅम्पसमध्ये माहिती एका ठरलेल्या मार्गाने जाते. डोळे, कान, नाक यांच्याकडून आलेली माहिती मेंदूच्या इतर भागांत प्रक्रिया होऊन ‘एन्टोरायनल कॉर्टेक्स’ या दारापाशी पोहोचते. या दाराला दोन बाजू आहेत. आतली बाजू मुख्यतः ‘कुठे’ हे सांगते. बाहेरच्या बाजूकडून ‘काय’ याची माहिती जास्त येते. सध्या बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत असलेले सचिन देशमुख यांनी अमेरिकेत जेम्स नीरिम यांच्यासोबत उंदरांवर काम केलं होतं. २०११ मधल्या त्यांच्या अभ्यासात या बाहेरच्या बाजूच्या काही पेशी समोरच्या वस्तूंना प्रतिसाद देतात, असं दिसलं.

दारातून आत आल्यावर तीन मुख्य थांबे लागतात.

पहिला थांबा डेंटेट जायरस. इथे फारकत होते.

दुसरा थांबा सीए३. इथे तुकड्यांवरून पूर्ण आठवण उभी राहते.

तिसरा थांबा सीए१. इथून तयार माहिती पुन्हा मेंदूच्या बाहेरच्या थरांकडे निघते.

‘सीए’ हे लॅटिन नावाचं लघुरूप आहे. त्याचा अर्थ ‘आमोनचं शिंग’. आमोन हा मेंढ्याच्या शिंगांचा प्राचीन इजिप्शियन देव. हिप्पोकॅम्पसचा आकार काहींना समुद्रघोड्यासारखा वाटला, तर काहींना या शिंगासारखा.

फारकत कशी होते?

उंदराच्या मेंदूतले आकडे पाहिले की गंमत लक्षात येते. एन्टोरायनल कॉर्टेक्सच्या ज्या थरातून माहिती डेंटेट जायरसकडे येते, तिथे साधारण एक ते दोन लाख पेशी असतात. डेंटेट जायरसमध्ये मात्र सुमारे १० लाख. म्हणजे थोड्या पेशींकडून आलेली माहिती कितीतरी जास्त पेशींवर पसरते.

आणि या १० लाखांपैकी एका वेळी फारच थोड्या पेशी जाग्या होतात. बाकीच्या गप्प असतात. त्यांना गप्प बसवणाऱ्या वेगळ्या पेशीही तिथे आहेत.

याचा फायदा काय? समजा, वर्गात ४० मुलं आहेत आणि प्रत्येक प्रसंगासाठी ३० जणांनी हात वर करायचाय. मग कोणत्याही दोन प्रसंगांत किमान २० मुलं तीच असणार. आता शाळेच्या मैदानावर ४००० मुलं आहेत आणि प्रत्येक प्रसंगाला फक्त ३० हात वर होतात. दोन प्रसंगांत तेच चेहरे येण्याची शक्यता एकदम कमी झाली. डेंटेट जायरस हेच करतो. गर्दी मोठी, हात मोजके. त्यामुळे जवळपास सारखे दोन प्रसंग वेगवेगळ्या पेशींच्या नावावर नोंदवले जातात.

एक उदाहरण घ्या. तुम्ही गेल्या वर्षी आणि यंदाही १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी सिंदखेड राजाला गेलात. तोच राजवाडा, तशीच गर्दी, तेच मित्र. तरी गेल्या वर्षी गाडी कुठे लावली होती आणि यंदा कुठे, हे आठवलं तर त्यामागे ही फारकत आहे. आणि गर्दीतून बाहेर पडून गेल्या वर्षीच्याच जागी गाडी शोधायला गेलात, तर ती कुठेतरी कमी पडली.

तुकड्यावरून पूर्ण चित्र कसं उभं राहतं?

पुढच्या थांब्याची, म्हणजे सीए३ची रचना अगदी वेगळी आहे. डेंटेट जायरसच्या एका पेशीचा धागा सीए३मधल्या जेमतेम १५ पेशींना भिडतो. पण जिथे भिडतो तिथला जोड इतका दणकट असतो की शास्त्रज्ञ त्याला स्फोट घडवणाऱ्या डिटोनेटरची उपमा देतात. नवी आठवण नोंदवताना कोणत्या पेशींनी जागं व्हायचं, हे ठरवण्यात या जोडांचा मोठा वाटा असतो, असं मानलं जातं.

सीए३ची खरी ताकद मात्र आतल्या आत आहे. उंदराच्या सीए३मध्ये साधारण तीन लाख पेशी असतात आणि एकेका पेशीला तिथल्याच इतर पेशींकडून सुमारे १२ हजार जोड येतात. सगळे एकमेकांचे ओळखीचे असलेलं गाव म्हणा ना. एका प्रसंगात ज्या पेशी एकत्र जाग्या झाल्या, त्यांच्यातले जोड घट्ट होतात. पुढे कधी त्यातल्या थोड्या जरी जाग्या झाल्या, तरी त्या बाकीच्यांना हाक मारतात. सगळा गट उभा राहतो आणि प्रसंग आठवतो.

गरम कचोरीचा वास आला आणि शेगाव स्टेशन, उतरलेली गर्दी, मंदिराकडे निघालेले ऑटो, सोबत असलेले आजोबा असं सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं, असं अनेकांना होतं. आत आला फक्त वास. बाकीचं मेंदूने भरलं.

ही कल्पना स्पष्टपणे मांडली ती डेव्हिड मार या ब्रिटिश शास्त्रज्ञाने, १९७१ मध्ये. तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते. हिप्पोकॅम्पस तुकड्यावरून पूर्ण आठवण कशी काढू शकेल, याचं गणित त्यांनी कागदावर मांडलं. प्रयोगांतून त्याला आधार मिळायला पुढे अनेक वर्षं लागली. १९८० मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी मार यांचं निधन झालं.

हे खरं असल्याचा पुरावा काय?

चार प्रयोग महत्त्वाचे आहेत.

पहिला २००२ चा, सुसुमु टोनेगावा यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेतला. शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले, ज्यांच्या सीए३मध्ये आठवणींचे जोड घट्ट करणारा एक महत्त्वाचा रिसेप्टर नव्हता. पाण्याच्या टाकीत बुडवलेला चौथरा शोधणं ते इतर उंदरांसारखंच शिकले. खोलीतल्या सगळ्या खुणा जागेवर असेपर्यंत त्यांना अडचण आली नाही. पण बहुतेक खुणा काढून टाकल्यावर साधे उंदीर चौथऱ्यापर्यंत पोहोचले आणि हे उंदीर चाचपडले. म्हणजे आठवण होती, तुकड्यावरून ती पूर्ण करता येत नव्हती.

दुसरा २००७ चा, त्याच प्रयोगशाळेतला. या वेळी तोच रिसेप्टर डेंटेट जायरसमधून काढला होता. उंदरांना एका खोक्यात पायाला हलका शॉक मिळायचा आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या खोक्यात काहीच व्हायचं नाही. साधे उंदीर दोन खोक्यांतला फरक लवकर शिकले. बदल केलेले उंदीर त्यात मागे पडले. सुरक्षित खोक्यातही ते घाबरून जागीच थिजत.

तिसरा प्रयोगही २००७ चाच, नॉर्वेमधला. उंदरांना एका खोक्यात फिरू दिलं आणि त्या खोक्याचा आकार हळूहळू चौकोनापासून गोलापर्यंत बदलत नेला. आकारात किंचित फरक पडला तरी डेंटेट जायरसमधल्या पेशींचा प्रतिसाद बदलत होता.

चौथा २०१४ चा, नीरिम आणि त्यांचे सहकारी न्यूनेबेल यांचा. उंदीर एका गोल वाटेवर चालत होते. वाटेवरच्या खुणा एका दिशेला फिरवल्या आणि लांबच्या खुणा उलट दिशेला. माहितीचाच गोंधळ झाला. डेंटेट जायरसमधली नोंद पार बदलली, जणू ही नवीनच जागा आहे. सीए३मध्ये मात्र जुन्या नोंदीशी बरंच जुळणारं चित्र टिकून राहिलं. एकाच प्राण्यात, एकाच मार्गावर, लागोपाठचे दोन थांबे उलट निर्णय देताना दिसले.

मग मेंदू निर्णय कसा घेतो?

इथेच खरी अडचण आहे. फारकत फार झाली, तर जुनं काहीच ओळखीचं वाटणार नाही. कालच भेटलेला शेजारी आज टोपी घालून आला, तर तो नवा माणूस ठरेल. उलट, पूर्ण करण्याची घाई झाली, तर प्रत्येक नवी गोष्ट जुन्याच साच्यात बसेल. पाटीवर ‘देऊळ’ एवढंच दिसलं आणि तुमच्या मेंदूने परस्पर ‘देऊळगाव राजा’ पूर्ण केलं, तर तुम्ही भलत्याच गाडीत बसाल.

सीए३ला दोन्ही बाजूंनी माहिती मिळते. डेंटेट जायरसकडून ‘हे वेगळं आहे’ असा संदेश येतो. आतल्या जोडांकडून ‘हे ओळखीचं आहे’ असा. फरक ठळक असेल तर पहिला संदेश जिंकतो. फरक किरकोळ असेल तर दुसरा. आपल्या आठवणीतल्या बऱ्याच चुका या ओढाताणीतून होतात. म्हणूनच माणूस एखादी चुकीची गोष्टही पूर्ण खात्रीने सांगू शकतो. तो खोटं बोलत नसतो. तुकडा खरा असतो, त्याला जोडलेलं बाकीचं दुसऱ्या दिवसाचं असतं.

या जोडांच्या पातळीवर महाराष्ट्रातही काम सुरू आहे. पुण्यातल्या आयसर या संस्थेत सुहिता नाडकर्णी यांचा गट हिप्पोकॅम्पसमधल्या जोडांची कॉम्प्युटर मॉडेल्स तयार करतो. सीए३ची पेशी सीए१च्या पेशीला संदेश देते, तेव्हा त्या जोडामध्ये कॅल्शियम कसं वर-खाली होतं आणि त्याने संदेशाची ताकद कशी बदलते, याचा हा अभ्यास. २०२१ मध्ये ‘कम्युनिकेशन्स बायोलॉजी’ या नियतकालिकात त्यांचा असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एवढ्या बारीक पातळीवर काय घडतं हे कळलं, तर आजारात नेमकं काय बिघडतं हे शोधायला मदत होते.

वय वाढलं की काय बदलतं?

माणसांमधली फारकत मोजायला एक सोपी चाचणी वापरतात. आधी रोजच्या वस्तूंची चित्रं दाखवतात. मग पुन्हा चित्रं येतात. काही तीच, काही पूर्ण नवी आणि काही ‘जवळपास तीच’. उदाहरणार्थ, आधी एक कप पाहिला होता, आता थोड्या वेगळ्या दांडीचा कप. प्रत्येक वेळी सांगायचं: तेच, नवं की सारखं?

अमेरिकेतले क्रेग स्टार्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अशी चित्रं दाखवताना लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. ‘जवळपास तीच’ वस्तू समोर आली, की सीए३ आणि डेंटेट जायरसचा भाग तिला नवी वस्तू असल्यासारखा प्रतिसाद देत होता. प्राण्यांमध्ये दिसलेली फारकत माणसातही दिसली.

पुढच्या अभ्यासांमध्ये वयाचा परिणाम समोर आला. पूर्ण नवी आणि तीच वस्तू ओळखण्यात ज्येष्ठ मंडळी तरुणांच्या बरीच जवळ असतात. मात्र ‘जवळपास तीच’ वस्तू आली की ते जास्त वेळा “हीच पाहिली होती” असं सांगतात. वयानुसार तोल फारकतीकडून ओळखीच्या साच्याकडे झुकतो, असा याचा अर्थ लावला जातो.

आता गोळीकडे पाहा. तीच वेळ, तीच डबी, तोच पाण्याचा ग्लास, तीच खुर्ची. रोजचा प्रसंग कालच्या प्रसंगाची हुबेहूब नक्कल. शिवाय सवयीच्या कामात आपलं लक्षही नसतं, त्यामुळे नोंद मुळातच पुसट. मेंदूला फारकतीसाठी धरायला काही मिळतच नाही. तरुणांचाही इथे गोंधळ होतो. घराला कुलूप लावलं का, गॅस बंद केला का, हे प्रश्न त्याच जातीचे. ज्येष्ठांमध्ये ते वाढतात एवढंच. फरक असा, की कुलूप दोनदा तपासून काही बिघडत नाही. मधुमेहाची गोळी दोनदा घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

ताण आणि भीतीचा संबंध

फारकत कमी पडल्याचा आणखी एक परिणाम म्हणजे भीती पसरणं. एका वळणावर अपघात पाहिलेल्या माणसाला प्रत्येक वळणावर धडकी भरते, तेव्हा सुरक्षित जागाही मेंदूला धोक्याच्या जागेसारखी वाटत असते. २००७ च्या प्रयोगातल्या उंदरांसारखंच. मोठ्या आघातानंतरच्या मानसिक त्रासात याचा वाटा किती, यावर संशोधन सुरू आहे.

दीर्घकाळचा ताण या भागाला थेट इजा करतो, हे प्राण्यांमध्ये दिसलं आहे. बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेतले सुमंत्र चटर्जी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की सतत ताणाखाली ठेवलेल्या उंदरांच्या सीए३ पेशींच्या फांद्या आखडतात. भीतीशी संबंधित ‘अमिग्डला’ या भागातल्या पेशींच्या फांद्या मात्र वाढतात.

मग करायचं काय?

मेंदूला फरक मिळत नसेल तर तो बाहेरून द्यायचा.

वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी मेडिकलमध्ये मिळते. बुधवारचा कप्पा रिकामा दिसला की प्रश्न मिटला. डबी नसेल तर गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने तारखा लिहा किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. गोळी घेताना मोठ्याने “आज बुधवार, सकाळची घेतली” असं म्हणणंही उपयोगी पडतं, कारण आजच्या प्रसंगाला कालपेक्षा वेगळी खूण मिळते. तरीही शंका राहिली तर अंदाजाने दुसरी गोळी घेऊ नका. पाकिटातल्या गोळ्या मोजा, नाहीतर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनाही हाच नियम लागू होतो. सारख्या गोष्टी वेगवेगळ्या दिवशी पाठ केल्या की त्या मिसळतात. त्या शेजारी ठेवून फक्त फरक शोधा. देऊळगाव राजाचा बालाजी आणि मेहकरचा शारंगधर बालाजी, दोन्ही याच जिल्ह्यात. वेगवेगळे वाचलेत तर परीक्षेत अदलाबदल होईल. एकाच पानावर समोरासमोर लिहिलेत तर शक्यता कमी.

चालण्याचाही फायदा दिसला आहे. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभर नियमित भरभर चालणाऱ्या गटाच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे २ टक्क्यांनी वाढला. फक्त स्ट्रेचिंगसारखे व्यायाम करणाऱ्या गटात तो थोडा घटला.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

आज आणि काल यांच्यात गफलत होणं वेगळं आणि प्रसंगच नाहीसा होणं वेगळं. “गोळी घेतली, पण आज की काल?” हा पहिला प्रकार. रोजच्या वाटेवर रस्ता चुकणं, तोच प्रश्न काही मिनिटांत पुन्हा पुन्हा विचारणं, पैशांचा साधा हिशेब न जमणं, जवळच्या माणसांची ओळख न पटणं, ही लक्षणं दुसऱ्या प्रकारची. ती दिसली किंवा वाढत गेली, तर ‘वयच झालंय’ म्हणून सोडून देऊ नका.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना डिमेन्शिया आहे. शहरांपेक्षा ग्रामीण भागात प्रमाण जास्त आढळलं. काही वेळा विस्मरणामागे थायरॉइडचा बिघाड, बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा एखाद्या औषधाचा परिणाम असतो आणि त्यावर उपचार होतात. त्यासाठी आधी तपासणी व्हावी लागते. ती होईपर्यंत आजीला “किती विसरतेस!” म्हणण्याऐवजी वारांच्या कप्प्यांची डबी आणून दिली, तर तिचा मोठा प्रश्न सुटेल.